पंचवीस धावांचा हिशेब

३ नोव्हेंबर २०२४. भाऊबीज, त्यातून रविवार. घरोघरी ओवाळणीची ताटं मांडलेली होती आणि तिकडे वानखेडेवर भारताचा डाव १२१ धावांत आटोपला. हव्या होत्या १४७. न्यूझीलंडने तिसरी कसोटी २५ धावांनी जिंकली आणि मालिका ३-० अशी खिशात घातली. तीन किंवा जास्त सामन्यांच्या मालिकेत भारताने घरच्या मैदानांवर सगळेच्या सगळे सामने हरावेत, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. दिवे लागेपर्यंत मुंबईत नाक्यानाक्यावर चार वाक्यं फिरत होती. रोहितला काढा. कोहलीला बसवा. गंभीरला घरी पाठवा. आयपीएल बंद करा.

या वाक्यांतला राग खोटा नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी साडेनऊला स्टँडमध्ये जाऊन बसलेल्या माणसाला चिडायचा पूर्ण हक्क आहे. २०१३ पासून त्या दिवसापर्यंत वानखेडेवर चारच कसोट्या झाल्या. २०१३, २०१६, २०२१ आणि ही. इतक्या वर्षांनी वाट्याला आलेला सामना तिसऱ्या दिवशी दुपारीच संपला, तर कुणाचंही डोकं फिरेल. पण त्या चार वाक्यांत एक खोट होती. त्यांतलं एकही वाक्य वानखेडेवर झालेल्या सामन्याबद्दल नव्हतं. ती ॲडलेडला हरल्यावरही म्हणता येतात, लीड्सला हरल्यावरही, आणि म्हटली जातातच.

दुसऱ्या बाजूला ‘हार-जीत चालायचीच, संघाच्या पाठीशी उभे राहा’ असं सांगणारे असतात. त्यांचं तर मला अजिबात पटत नाही. पाठीशी उभं राहायला हा काही वरातीतला नवरदेव नव्हे. चाहत्याने चिडावं, प्रश्न विचारावेत, नावं घेऊन विचारावेत. फक्त चुकलं कुठे ते आधी शोधावं, आणि ते शोधायला लागलं की एक अडचणीची गोष्ट हाती लागते. पराभवाच्या संध्याकाळी आपण ज्या गोष्टीवर ओरडायला हवं, तिच्यावर आपण विजयाच्या संध्याकाळी टाळ्या वाजवलेल्या असतात.

डोकी मागण्याची आपली सवय जुनी आहे. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्या देशात हरवलं. मुंबईने त्या संघाला डोक्यावर घेतलं, मिरवणूक काढली. तीन वर्षांनी तोच कर्णधार इंग्लंडमध्ये ०-३ हरून आला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सगळा संघ ४२ वर बाद. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची खूण म्हणून काँक्रीटची भली मोठी बॅट उभारली होती, तिची विटंबना झाली. वाडेकर पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी खेळणंच थांबवलं. दगड मारणाऱ्यांपैकी किती जणांनी दोन दौऱ्यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असतील? १९७१ च्या कसोट्या जुलै-ऑगस्टमधल्या, उन्हाळा मुरल्यावरच्या. १९७४ च्या जून आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या; थंडी, ओल, आणि हवेत झुलणारा चेंडू. लॉर्ड्सवर ख्रिस ओल्ड आणि जेफ अर्नोल्ड या दोघांनीच नऊ बळी घेतले, चंद्रशेखर जखमी असल्याने फलंदाजीला आलाच नाही. तीन फिरकीपटूंच्या जिवावर चालणारा संघ अशा हंगामाच्या सुरुवातीला धाडायचा करार मंडळाने का केला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मे २०२५ मध्ये वानखेडेवरच्या एका स्टँडला वाडेकरांचं नाव दिलं गेलं. त्याच समारंभात दुसऱ्या एका स्टँडला रोहित शर्माचं. तो कसोटीतून निवृत्त होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते, आणि ‘काढा’ म्हणून झालेल्या त्या भाऊबिजेला साडेसहा महिने.

सचिन तेंडुलकरलाही हे चुकलं नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध तो १ धाव काढून बाद झाला, तेव्हा याच वानखेडेवरच्या काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ती कसोटी भारत २१२ धावांनी हरला; शेवटच्या दिवशी ३ बाद ७५ वरून सर्वबाद १००. शॉन उडाल नावाच्या सदतिशीच्या ऑफस्पिनरने १४ धावांत ४ बळी घेतले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता धावफलक उघडू.

न्यूझीलंडने नाणेफेक जिंकून २३५ केल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी भारत १ बाद ७८, म्हणजे सामना पूर्ण हातात. तिथे यशस्वी जयस्वाल फिरकीपटू एजाझ पटेलला रिव्हर्स स्वीप मारायला गेला आणि त्रिफळा उडाला. दिवस संपायला काही मिनिटं उरलेली, म्हणून नाइटवॉचमन, म्हणजे मुख्य फलंदाजाला वाचवायला आधी पाठवलेला तळाचा खेळाडू, मोहम्मद सिराज आला. तो पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला आणि जाताना एक रिव्ह्यूही घालवून गेला. मग विराट कोहली चोरटी धाव घ्यायला सुटला. मॅट हेन्रीची फेक थेट यष्टींवर. १ बाद ७८ चे ४ बाद ८४ झाले. दुसऱ्या दिवशी शुभमन गिलने ९० आणि ऋषभ पंतने ६० करून डाव सावरला, पण आघाडी मिळाली फक्त २८ ची. नाइटवॉचमन, डावखुरा-उजवा जोडी राखण्याचा अट्टहास, त्यापायी फिरकी उत्तम खेळणाऱ्या सरफराज खानला थेट आठव्या क्रमांकावर पाठवणं, हे सगळे ड्रेसिंग रूममधले निर्णय होते. चौथ्या डावात कमी पडलेल्या २५ धावा शोधायच्या तर आधी या संध्याकाळी शोधाव्या लागतात. बहुतेकांनी रविवारच्या दुपारी शोधल्या.

रविवारी सकाळी न्यूझीलंडचा दुसरा डाव १७४ वर संपला आणि १४७ चं लक्ष्य समोर आलं. बघता बघता भारत ५ बाद २९. हे पाच बळी एकेक करून पाहण्यासारखे आहेत. रोहित शर्मा हेन्रीला पुल मारताना चुकला आणि झेल देऊन बसला. फिरकीचा इथे संबंधच नाही. गिलने एजाझचा चेंडू बाहेर जाईल म्हणून बॅट वर उचलून सोडला, तो सरळ येऊन यष्टीवर बसला. कोहलीच्या बॅटची कड लागून चेंडू स्लिपमध्ये गेला, हा खरा वळलेला. जयस्वाल ग्लेन फिलिप्सच्या न वळलेल्या चेंडूवर पायचीत. आणि सरफराजने फुलटॉस स्वीप करून सीमेजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात दिला. म्हणजे ‘पिच फुटलं होतं, काय करणार’ असं म्हणायचं तर पाचांपैकी एकाच बळीला ते लागू पडतं. बाकीच्यांना पिचच्या भीतीने बाद केलं.

मैदानात खेळलेल्यांना हे सांगायला नको, पण टीव्हीवर पाहताना विसरायला होतं. आखाड्यावर, म्हणजे मुद्दाम फिरकीसाठी बनवलेल्या पिचवर, वळणारा चेंडू बॅटीला चकवून हातभर बाहेर जातो, सगळे ‘आऽह’ करतात आणि फलंदाज मात्र जिवंत राहतो. जीव घेतो तो पुढचा, त्याच टप्प्यावर पडून सरळ घुसणारा. फलंदाज वळणासाठी बॅट बाहेर नेतो, चेंडू आतल्या बाजूने पॅडवर किंवा यष्टीवर. गोलंदाजालाही ठाऊक नसतं कुठला वळेल आणि कुठला नाही, त्यामुळे हात पाहून ओळखण्याची सोयच उरत नाही. पूर्वीचे फलंदाज अशा वेळी पाय लांब टाकून पॅड पुढे करत, बॅट पॅडच्या मागे लपवत. इतक्या पुढे पॅडवर आदळलेल्या चेंडूला पंच पायचीत देत नसत. डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय कॅमेऱ्याने तपासायची पद्धत, आल्यापासून ती पळवाट बंद झाली. आता तीनच मार्ग उरतात: पाय वापरून चेंडूच्या टप्प्यापर्यंत जायचं, नाहीतर क्रीजमध्ये खोल मागे जाऊन वळण पाहून खेळायचं, नाहीतर अचूक निवडलेल्या चेंडूवर स्वीप मारायचा. पंतने रविवारी पहिला मार्ग धरला आणि ५७ चेंडूंत ६४ केल्या. अधेमध्ये उभा राहिलेला फलंदाज गेला.

पंत बाद झाला तेव्हा ७ बाद १०६ होते, ४१ हव्या होत्या. मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलं होतं, न्यूझीलंडने रिव्ह्यू घेतला, तिसऱ्या पंचांनी निर्णय फिरवला. चेंडू बॅटीला लागला की बॅट पॅडला, यावर आठवडाभर वाद चालला. वाद घालण्यासारखा निर्णय होता, मान्य. पण वादाची गंमत अशी की त्यात गुंतलं की बाकीच्या नऊ बळींचा हिशेब द्यावा लागत नाही. शेवटचे तीन गडी १२१ या एकाच धावसंख्येवर गेले, त्यातही एक रिव्हर्स स्वीप होता. त्यावर आठवडाभर कुणी बोललं नाही.

आता पिचकडे येऊ. आखाडा आकाशातून पडत नाही, तो बनवावा लागतो, आणि बनवायला फार काही लागत नाही. बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद पट्टी. एरवी क्युरेटर ती पाणी देऊन, रोलर फिरवून, थोडं गवत राखून घट्ट करतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात, ओल तिला चिकटपणा देते, रोलर दाबून बसवतो. आखाडा हवा असेल तर यातलं एकेक काढून घ्यायचं. पाणी काही दिवस आधी बंद, गवत मुळापर्यंत साफ, आणि चेंडू जिथे टप्पा खातो त्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यात रोलर हलका. वानखेडेची माती लाल. ती लवकर सुकते, भुसभुशीत होते, चेंडू वळतोही आणि उसळतोही. याच मालिकेतल्या पुण्याच्या कसोटीला पट्टी काळ्या मातीची होती. काळ्या मातीत चिकणमाती जास्त, ओल धरून ठेवते, सुकली की ढेकळांसारखी चिरते, आणि चेंडू खाली राहतो. दोन्ही प्रकारांत आपण हरलो. पुण्यात मिचेल सँटनरने १३ बळी घेतले, मुंबईत एजाझ पटेलने ११.

सँटनरने त्याआधी कसोटीच्या एका डावात पाच बळीही घेतले नव्हते. हेच तर आखाड्याचं गणित आहे. चांगल्या पिचवर अश्विन आणि सँटनर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, कारण तिथे चेंडू वळवायला बोटांत जोर, हवेत फसवायला डोकं आणि तासन्‌तास एका टप्प्यावर टाकायला दम लागतो. आखाड्यावर हे सगळं पिचच करतं. गोलंदाजाने चेंडू टप्प्यावर जोरात टाकला की पुरे. आपल्या हातातला हुकमी एक्का आपणच पंजा करून टाकतो.

एकदा झालं असतं तर अपघात म्हटलं असतं. २०१२, वानखेडे: अहमदाबादची कसोटी जिंकल्यावर धोनीने पहिल्या दिवसापासून वळणारं पिच मागितलं. माँटी पानेसर ११ बळी, ग्रॅम स्वान ८, भारत दहा गडी राखून पराभूत, मालिकाही गेली. २०१७, पुणे: स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६-६ बळी, भारत १०५ आणि १०७, पराभव ३३३ धावांनी. २०२३, इंदूर: मॅथ्यू कुनमनने १६ धावांत ५, मग नेथन लायनने ६४ धावांत ८. २०२४, पुणे आणि मुंबई. नोव्हेंबर २०२५, कोलकात्याचं ईडन गार्डन्स: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ हव्या होत्या, ९३ झाल्या, सायमन हार्मरचे सामन्यात ८ बळी. चार फिरकीपटू घेऊन उतरलो होतो. सामन्यानंतर प्रशिक्षक गौतम गंभीर यांनीच सांगितलं की असंच पिच आम्हाला हवं होतं. पानेसर, स्वान, ओकीफ, कुनमन, लायन, सँटनर, पटेल, हार्मर. सगळे बोटांनी फिरवणारे, एकही मनगटाचा जादूगार नाही. लायन-स्वानसारखे दोन मोठे सोडले तर बाकीच्यांची नावं दोन-चार मोसमांपलीकडे किती जणांना आठवतील, शंका आहे. २००६ चा उडाल तर ती कसोटी खेळून परत कसोटी संघात दिसलाच नाही.

आणि आता ती विजयाची संध्याकाळ. नोव्हेंबर २००४, वानखेडे, ऑस्ट्रेलिया. पहिल्या डावात भारत १०४, ऑस्ट्रेलिया २०३. दुसऱ्या डावात लक्ष्मणच्या ६९ आणि सचिनच्या ५५ धावांमुळे २०५. ऑस्ट्रेलियाला १०७ हव्या होत्या, ९३ वर सगळे बाद. हरभजनने ५ घेतले, आपण १३ धावांनी जिंकलो आणि फटाके वाजले. रिकी पाँटिंग पिचबद्दल कुरकुरला तेव्हा आपण म्हणालो, रडका आहे, हरला म्हणून बोलतो. मालिका ऑस्ट्रेलियाने आधीच जिंकलेली होती हे कुणाच्या गावी नव्हतं. पण त्या सामन्याच्या धावफलकात एक ओळ होती जी आपण वाचलीच नाही: मायकेल क्लार्क, ९ धावांत ६ बळी. क्लार्क म्हणजे मधल्या फळीतला फलंदाज, अधूनमधून डावखुरी फिरकी टाकणारा. अशा माणसाने आपल्या दुसऱ्या डावात सहा बळी कापले. पुढच्या वीस वर्षांत पानेसरपासून हार्मरपर्यंत जे घडलं, त्याची नोटीस त्या ओळीत लागलेली होती. वानखेडेवर २००४ ला आपण १३ धावांनी जिंकलो आणि २०२४ ला २५ धावांनी हरलो. दोन्ही निकालांत कुठल्याही बाजूचा एक झेल, एक पायचीत इतकाच फरक. नाणं हवेत फेकून छापा आला म्हणून नाचायचं आणि काटा आला की कर्णधार बदलायचा, असा हा प्रकार.

मंडळ आणि कर्णधार आखाडा का मागतात याला कारण आहे, मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही. जागतिक कसोटी स्पर्धेत विजयाला १२ गुण, अनिर्णित सामन्याला ४. घरच्या मैदानावर पाच दिवस चिवट खेळून सामना अनिर्णित राहिला तर दोन तृतीयांश गुण गेले. त्यामुळे निकाल हवाच, आणि निकालाची खात्री वाटते ती आखाड्यावर. खात्री वाटते, असते असं नाही. चांगल्या पिचवर आपले गोलंदाज चौथ्या-पाचव्या दिवशी वीस बळी घेऊ शकतात, हे बारा वर्षांत घरच्या अठरा मालिका ओळीने जिंकून त्यांनीच दाखवलेलं होतं. त्यातले कितीतरी विजय पहिल्या डावात चारशे-साडेचारशे करून आलेले होते.

इथे कुणीतरी गुवाहाटीचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. ईडननंतर आठवड्याभरात बारसापाराच्या मैदानावर दुसरी कसोटी झाली. पिच चांगलं होतं. दक्षिण आफ्रिकेने ४८९ केल्या, आणि आपण ४०८ धावांनी हरलो, धावांच्या हिशेबाने भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. मग सगळा दोष आखाड्यावर कसा टाकता?

टाकता येत नाहीच. पहिल्या डावात भारत १ बाद ९५ वरून ७ बाद १२२ झाला. उंचापुऱ्या मार्को यान्सनने आखूड टप्प्याचा मारा केला आणि ६ बळी घेतले. त्यानंतर काय झालं ते बघा. कुलदीप यादव, जो फलंदाज नव्हे, १३४ चेंडू खेळून १९ धावांवर बाद झाला. वॉशिंग्टन सुंदरने ४८ केल्या. पिचमध्ये भुतं असती तर कुलदीप सव्वाशे चेंडू टिकला नसता. वरच्या सहा जणांकडे कमी पडली ती उभं राहण्याची सवय, आणि ती सवय कसोटीच्या सकाळी ड्रेसिंग रूममध्ये मिळत नाही. आखाड्याची आणि या घसरणीची नाळ जोडलेली आहे असं मला वाटतं. घरच्या पिचवर तीस-चाळीस धावा म्हणजे मोठी खेळी, चेंडू कधी तरी घात करणारच, तोवर मारून घ्या, असं वर्षानुवर्षं शिकवलेल्या फलंदाजाला चांगल्या पिचवर दीड दिवस खेळायचंय हे आठवणार कुठून?

मग ‘रणजी खेळा’ ही मागणी येते. ती रास्त आहे. सप्टेंबर २०२४ च्या दुलीप स्पर्धेत रोहित आणि कोहली खेळले नव्हते. कोहली शेवटचा रणजी सामना २०१२ मध्ये खेळलेला, रोहित २०१५ मध्ये. ऑस्ट्रेलियातली मालिकाही हरल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामने सक्तीचे केले आणि रोहित मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला. त्याच्यासोबत जयस्वाल, रहाणे, श्रेयस, दुबे, शार्दूल. नावं वाचून कसोटी संघच वाटावा. जम्मू-काश्मीरच्या वेगवान गोलंदाजांनी मुंबईला पहिल्या डावात १२० वर गुंडाळलं. रोहितच्या ३ आणि २८. दुसऱ्या डावात शार्दूलने ११९ काढल्या म्हणून लाज राखली, तरी सामना मुंबई पाच गड्यांनी हरली. आठवड्याभराने दिल्लीत कोहलीला पाहायला हजारो लोक आले. हिमांशू सांगवानने ६ धावांवर त्याचा त्रिफळा उडवला आणि स्टेडियम रिकामं व्हायला लागलं.

मला इथे दोन गोष्टी खटकतात. न्यूझीलंडने आपल्याला फिरकीवर कापलं आणि आपण फलंदाजांना पाठवलं ते चेंडू सीम होणाऱ्या जानेवारीतल्या पिचवर. रणजीत कित्येक ठिकाणी गवत ठेवून वेगवान गोलंदाजांकडून निकाल लावतात. दिवसभर दोन चांगल्या फिरकीपटूंना तोंड द्यायची पाळी फलंदाजावर क्वचित येते. आजारावर औषध दिलं, पण चिठ्ठी दुसऱ्याच रोग्याची. दुसरी गोष्ट आपल्याबद्दलची. रणजी खेळा म्हणून ओरडणारे आपण, आपला हिरो बाद होताच उठून गेलो. पुढचा फलंदाज कोण, त्याचं तंत्र कसं आहे, हे पाहायला थांबलो नाही. निवडसमितीला आपण जो दोष देतो, नावं बघण्याचा, तोच.

मुंबईने हे करावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण वाईट पिचवर उभं राहण्याची शाळाच या शहरात होती. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, ओली पट्टी, आउटफिल्डला गुडघाभर गवत, एक चेंडू घोट्याला तर दुसरा हनुवटीला. तिथे पंचवीस धावा काढणाऱ्याची पाठ थोपटली जायची. उशिरा खेळायचं, हात सैल सोडायचे म्हणजे कड लागली तरी चेंडू शॉर्ट लेगच्या पुढ्यातच मरेल, हवेत असलेला चेंडू पायाने गाठायचा किंवा सोडून द्यायचा, हे तिथे कुणी फळ्यावर शिकवत नव्हतं. मुंबईचा फलंदाज ‘खडूस’ म्हणवला गेला तो याच मातीमुळे. आज लीग आहे, पण मोठे खेळाडू तिथे फिरकत नाहीत आणि मैदानांच्या कडेला थांबणारी गर्दीही पातळ झाली आहे.

तेव्हा पुढच्या पराभवानंतर, आणि तो येईलच, चिडायचं ते कुठून सुरू करावं? माझ्या मते नाणेफेकीपासून. त्याच न्यूझीलंड मालिकेत बंगळुरूला ढगाळ हवेत, झाकून ठेवलेल्या ओलसर पिचवर आपण नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि ४६ वर आटोपलो. पिच ओळखायला चुकलो, असं रोहितने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो निर्णय कोणी, कशाच्या आधारावर घेतला, हा नेमका प्रश्न आहे. मग बळी कसे गेले ते पाहावं: किती जण चांगल्या चेंडूवर, किती जण स्वतःच्या फटक्यावर. पहिल्या पाचांत तिघं फटक्याने गेले असतील तर पिचला सोडा आणि तयारीबद्दल विचारा. उलट दोन्ही संघांचे चारही डाव दोनशेच्या आसपास आटोपले असतील, तर पिच कोणी मागितलं ते विचारा. शेपटाने, म्हणजे तळाच्या फलंदाजांनी, किती चेंडू खेळले तेही पाहावं, पिचचा खरा दाखला तोच देतो. आणि प्रतिस्पर्ध्याने काय वेगळं केलं ते. वानखेडेवर विल यंगने ७१ आणि ५१ केल्या, दोन्ही डावांत, त्याच पिचवर, अश्विन-जडेजाला तोंड देऊन. कसं केलं हे पाहायला हायलाइट्सची दहा मिनिटं पुरतात.

शिवीगाळीबद्दल फार लिहीत नाही. खेळाडूच्या आईबापांवर, बायकोवर, धर्मावर घसरणाऱ्याला क्रिकेटशी काही देणंघेणं नसतं, त्याला पिचचा रंग सांगून उपयोग नाही. पण त्याच्याच शेजारी बसलेला, खेळ कळणारा माणूस जेव्हा आठ दिवस ‘काढा, काढा’ करतो, तेव्हा नुकसान होतं. कारण मंडळाला ती मागणी सोयीची असते. एक नाव वगळलं की लोक शांत होतात. पिच कोण ठरवतं, दुलीप स्पर्धेत विश्रांती कोण मंजूर करतं, दोन मालिकांमध्ये सरावाला किती दिवस ठेवतं, या फायली तशाच कपाटात राहतात. अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला, रोहित आणि कोहली मे २०२५ मध्ये कसोटीतून. मागितलेली डोकी मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडनवर पिच मात्र तेच होतं.

वानखेडेवर पुढे कधी तरी भारत आखाड्यावर तीन दिवसांत जिंकेल. समोरच्या संघाचा कुणी अर्धवेळ फिरकीपटू त्या सामन्यात पाच-सहा बळी घेऊन गेलेला असेल, आपण जिंकलोय म्हणून त्याची ओळ धावफलकात तळाशी पडून राहील. चर्चगेटला परतताना, लोकलची वाट बघत, फोनवर ती ओळ शोधायला दोन मिनिटं लागतात.